चुड्याआधी बांधलेली गाठ

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा बिरवाडीची एक बाई माझ्यापुढे हात धरून बसली होती. उजवा हात भरून झाला होता, डाव्यात चार बांगड्या चढल्या होत्या. शेजारचे भांडेवाले दारातून आत डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, अण्णा गेले. पहाटेच. अकराला नेणार आहेत." आणि ते पुढच्या दुकानाकडे वळले. आमच्या महाडच्या बाजारपेठेत जुनी रीत आहे. पेठेतला दुकानदार गेला की सगळ्यांनी शटर अर्ध्यावर ओढायचं आणि तिरडी पुढे जाईपर्यंत तसंच ठेवायचं. एकेक शटर खाली येताना ऐकू येत होतं... माझं मात्र वरच राहिलं. मी त्या बाईचा हात पूर्ण भरला, तिला हळदीकुंकू लावलं. पुढे तिरडी दारावरून गेली ती मी गादीवर बसूनच पाहिली. पेठेनं त्यावर काय म्हणायचं ते म्हटलं, आणि मला ते सगळं पोहोचलंही.

आता सहा आठवडे होतील. चौकातल्या फलकावर अण्णांचा फोटो लागला, खाली 'पेठेचा आधारवड' असं लिहिलं होतं. शोकसभेत चार जण बोलले, चौघांनी त्यांच्या गोड स्वभावाचं कौतुक केलं. गोड होतेच ते, मी कुठे नाही म्हणते? पण गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोडच बोलायचं असेल तर मग त्याची ओळख सांगितली असं होत नाही. मी त्यांच्या समोरच्या दुकानात तेवीस वर्षं बसले आहे. मला त्यांचा राग आहे, आणि तो ते गेल्यावर कमी होईल असं वाटलं होतं तसा झालेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

अण्णा म्हणजे वसंतशेठ, कापडाचे व्यापारी. त्यांचं दुकान आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, मध्ये फक्त पेठेचा अरुंद रस्ता. आमचं बांगड्यांचं दुकान माझ्या सासऱ्यांनी घातलेलं. माझे यजमान आणि अण्णा शाळेपासूनचे दोस्त. यजमान अचानक गेले तेव्हा माझी रूपाली सहा वर्षांची होती. आम्ही कासार, बांगड्या भरायला मी सासूबाईंकडून शिकलेच होते, पण ते घरात आणि लग्नघरी. पेठेत गादीवर बाई बसलेली तोवर कुणी पाहिली नव्हती, आणि बिनबांगड्यांच्या हाताच्या बाईकडून नवरीनं चुडा भरून घ्यावा का, अशी कुजबुज सुरू झाली होती. त्या कुजबुजीला उत्तर अण्णांनी दिलं, आणि तेही तोंडानं नाही.

त्यांनी काय केलं ते कळायला बस्ता म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगावं लागेल. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी मिळून कापडाच्या दुकानात जायची. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरची माणसं तर टेम्पो करून यायची, पंचवीस-तीस जण, त्यात म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एखादा रुसलेला मामा. अण्णांच्या दुकानात पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या असायच्या. सकाळी बसलेली मंडळी दुपारी तिथेच जेवायची. नवरीचा शालू, करवलीची साडी, मामाचा फेटा, आत्याबाईचं पातळ... कोणत्या वाडीत कुणाला काय लागतं ते अण्णांना तोंडपाठ. सगळं निवडून झालं की ते कापड एका मोठ्या चादरीत रचायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि चारी टोकं बांधायची. हा झाला बस्ता. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नसराईत अण्णांनी एक नवीन चाल सुरू केली. चादरीची दोन टोकं बांधायची आणि दोन मोकळी ठेवायची. म्हणायचे, "नवरीला समोर कासारवहिनींकडे न्या. माप देऊ दे, चार हिरव्या भरू दे, चुडा इकडे आणा. चुडा आत गेल्याशिवाय मी गाठ मारत नाही." झालं. अण्णांनी असं म्हटल्यावर कोण काय बोलणार? दोन-तीन वर्षांत लोकांना वाटायला लागलं की ही पूर्वापार चालत आलेली रीतच आहे. आजीबाया नातींना सांगायच्या, चुड्याआधी गाठ मारली तर संसाराला चांगलं नसतं गो. ही रीत कुणी, कधी आणि कुणासाठी काढली ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

लग्नसराईत मग रस्त्यावर नुसती ये-जा असायची. समोरून नवरी यायची, मागून तिच्या दोन मैत्रिणी आणि एक म्हातारी. मी हात हातात घेतला की अंगठ्याच्या खालचं हाड चाचपून बघायची. त्यावरून माप कळतं, मनगटावरून नाही. ज्या मुलींनी गवत कापलंय, पाणी वाहिलंय त्यांचा पंजा रुंद आणि कडक असतो, तो हळूहळू मऊ करून घ्यावा लागतो. मी नवरीला माहेरची विचारत राहायची, ती बोलण्यात गुंतली की बांगडी हाडावरून सरकायची. लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः वाडीवर जाऊन पूर्ण चुडा भरायची. घाटाखालच्या किती वाड्यांवर पायी चढलेय त्याची गणती नाही. रूपालीचं शिक्षण त्यावर झालं, घराची कौलं त्यावर शाकारली.

पेठेत एकमेकांचा माल ठेवायचा नाही, हा तर न लिहिलेला कायदाच होता. माझ्याकडे एकदा नायलॉनच्या साड्यांचा एजंट आला, कोपऱ्यात ठेवा म्हणाला. मी त्याला समोर पाठवला. अण्णांकडे एकदा मुंबईहून डबीतल्या बांगड्यांचा एजंट आला. धातूच्या, वर रंग चढवलेल्या, चोवीसचा संच, प्लॅस्टिकच्या डबीत. अण्णा त्याच्या दंडाला धरून रस्ता ओलांडून माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "ह्यांना विचार. हातांचं मला काही कळत नाही." एजंट गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ हसलो. डबीतून बांगडी काढून स्वतःच्या हातानं घालायची, मग कासार कशाला हवा... असं मी म्हटलं होतं. तो नव्वदच्या आसपासचा काळ असेल.

तो काळ बघता बघता पालटला. पहिला फरक तुडीलकडून आला. तिकडची माणसं आखातात नोकरीला, सुट्टीवर येताना सुटकेस भरून कापड आणायची. तुडीलच्या बायका पूर्वी अण्णांच्या ठरलेल्या गिऱ्हाईक, त्या आता फक्त अस्तराचं कापड न्यायला यायच्या. मग रेल्वे झाली. वीरला गाडी थांबायला लागली आणि मुंबईची लेकरं गणपतीला, शिमग्याला येताना घरच्यांचे कपडे शिवलेलेच घेऊन येऊ लागली. बिरवाडीत कारखान्यांतल्या कामगारांच्या बायका नव्या, त्यांना पेठ माहीतच नव्हती. त्यांना हॉलमध्ये लागणारा सेल माहीत. दुकानात येणारी मुलगी आता गादीवर बसायला तयार नव्हती. तिला काचेमागे लटकवलेलं सगळं एका नजरेत हवं होतं. कुणी आपल्याला काही दाखवावं, पटवावं, चहा द्यावा, घरची विचारपूस करावी, हे तिला नको झालं होतं. मला वाटतं माणसांना लाज वाटायला लागली होती की आपल्याला दुकानदार ओळखतो. अनोळखी दुकानात जाऊन अनोळखी माणसाकडून घेतलं की आपण शहरातले झालो, असं काहीतरी होतं ते.

आणि इथे मला माझंही सांगायला हवं, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. रूपालीचं लग्न ठरलं ते पुण्यातल्या मुलाशी. व्याह्यांनी सांगितलं, बस्ता पुण्यात बांधू, तिथे मोठी शोरूम आहे, वातानुकूलित. मी 'आमचे अण्णा' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रूपालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. त्या थंडगार दुकानात चार तास बसले, माझ्या मुलीला साड्या दाखवणाऱ्या पोरीनं तिचं नावसुद्धा विचारलं नाही. घरी आणलेल्या पिशव्या मी मागच्या दारानं आत नेल्या. पण पेठेत काय लपतं? अण्णा दुसऱ्या दिवशी आले, शालू दाखवा म्हणाले. दोन बोटांत पदर धरून पाहिला आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे." बाकी ताकास तूर लागू दिली नाही. लग्नात आहेर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होते. मी त्यांच्याशी त्याबद्दल बोलायला हवं होतं, बोलले नाही. व्याह्यांच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, ते त्यांना समजेल, असं धरून चालले.

त्यानंतर वर्षभरानं पोलादपूरच्या वरच्या वाडीतली पार्वती पेठेत दिसली. तिच्या थोरल्या दोन्ही मुलींचे चुडे मी भरले होते, आता धाकटीचं होतं. मला ठाऊक होतं की अण्णांच्या मुलानं महामार्गावर नवीन शोरूम घातली आहे. उद्घाटनाला मी गेले होते, पेढे खाल्ले होते. दोन मजले, काच, पाटीवर 'लग्नाची संपूर्ण खरेदी एकाच छताखाली'. संपूर्ण ह्या शब्दाचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नव्हता. मी पार्वतीला हाक मारली, म्हटलं नवरी कुठाय, चुडा कधी घेतेस? ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "बस्ता झाला ना गो काकू. गाठ मारून दिली शेठनी. चुडा आतच हाय, त्यांच्याच शोरूमचा, डबीतला." मी विचारलं, कोणत्या शेठनी, मुलानं का? तर म्हणाली, "नाय नाय, अण्णांनीच. सोता हातानी बांधलान." मी तिला बस म्हटलं नाही. आत गेले, पाणी प्यायले. ज्यानं माझ्यासाठी ती गाठ अडवून धरली होती त्यानंच ती डबीवर बांधली होती. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दुपारी कळलं.

मुलानं काउंटर टाकला असता तर मी दोष दिला नसता. मुलांचं वेगळं असतं. सगळी पेठच बुडते आहे हे मला दिसत होतं, अण्णांना जगायचं होतं हेही. पण रस्ता ओलांडून येऊन एकदा तोंडावर सांगायचं होतं, वहिनी, मी आता बांगड्या ठेवणार आहे. एवढा रस्ता त्यांना ओलांडवला नाही. जुनं दुकान अजून चालू होतं, रोज सकाळी ते तिथे येऊन देवाला हार घालायचे, माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि मग गाडीत बसून महामार्गाला जायचे... महिनोन्‌महिने.

पार्वतीच्या मुलीच्या हळदीच्या सकाळी तिचा भाऊ जीप घेऊन माझ्या दारात उभा राहिला. डबीतल्या बांगड्या नवरीला चढत नव्हत्या. घरच्या बायका जोर लावून चढवायला गेल्या तर दोन वाकल्या आणि पंजा खरचटला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माप न घेता दिलेला चुडा दुसरं काय करणार? माझं मन म्हणत होतं जाऊ नको, ज्यानं दिला त्याला बोलाव. पण त्या पोरीला मी पहिल्या बांगड्या भरल्या होत्या ती चार वर्षांची असताना. गेले. काचेच्या हिरव्या घेऊन गेले, तिचं हाड माझ्या ध्यानात होतं तेवढ्याच मापाच्या. मांडवात बसून भरायला लागले. सुजलेला हात, पोर रडवेली, मी तिला बैलाचं, चुलत्याचं काय काय विचारत होते. शेवटची बांगडी सरकली आणि मान वर केली तर समोर अण्णा. आमंत्रण होतं त्यांना, सगळ्याच गिऱ्हाइकांकडे असायचं. हातात आहेराचं कापड. आजूबाजूला बायका, त्यातल्या निम्म्यांना सगळं ठाऊक. ते म्हणाले, "वहिनी, आलात ते फार बरं झालं." मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "माप घ्यायला विसरलात, अण्णा." त्यांचा चेहरा पडला. काहीतरी बोलायला गेले, पण ते ऐकायला मी थांबले नाही, पिशवी उचलून जीपकडे चालायला लागले.

हे मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतर ते सहा वर्षं जगले.

शोरूमचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लोक एकदा शहरी व्हायला निघाले की महामार्गावर थांबत नाहीत, थेट पनवेल, पुणे गाठतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ती शोरूम. वरचा मजला बंद झाला, मग खालचा अर्धा. अण्णांनी पेठेतलं दुकान तोवर भाड्यानं दिलं होतं. तिथे आता मोबाइल विकतात. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. पण मी गेलेही नाही. त्यांना पहिला झटका आला तेव्हा पेठेतले सगळे बघून आले, मी तेवढी राहिले.

त्यांची बायको सुमनताई मात्र ह्या सगळ्या वर्षांत येत राहिली. श्रावणात एकदा, संक्रांतीला एकदा. बसायची, हात पुढे करायची, मी भरायची. आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल, रूपालीच्या बाळाबद्दल. तिनं एकदा 'हे म्हणत होते' असं सुरू केलं होतं, मी म्हटलं ताई, हात सैल सोडा. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही.

अण्णा गेल्यानंतर चौदाव्या दिवशी दुपारी ती आली. पेठ सुनी होती. दोन्ही हात पदराखाली. गादीवर बसली आणि हात बाहेर काढले... हिरव्या बांगड्या तशाच. मी संक्रांतीला भरलेल्या. सवाष्णीची बांगडी तुटली तर आम्ही तुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, इतकं जपतो. आणि नवरा गेला की त्याच बांगड्या दगडानं फोडतात. माझ्या फोडल्या होत्या, मनगटावर अजून खूण आहे. सुमनताई म्हणाली, "जावा आल्या होत्या फोडायला. मी हात लावू दिला नाही. म्हटलं, जिनं भरल्या ती काढेल." मी पाणी आणलं, साबण आणला. भरण्यापेक्षा काढणं अवघड असतं, हात सैल सोडायचा तर माणसाचं मन सैल लागतं. एकेक करून काढल्या. एकही तडकली नाही. शेवटची निघाल्यावर ती आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत म्हणाली, "ह्यांनी शोरूममधली एक बांगडी घरात येऊ दिली नाही कधी. सून एकदा घालून आली तर म्हणाले, काढ ती. ह्या घरातल्या बायकांनी कासारवहिनींकडूनच भरायच्या. ती म्हणाली, मग आपण विकतो कशाला? तर जेवता जेवता उठले ताटावरून."

तिला वाटलं मला बरं वाटेल. ती मला ते द्यायलाच आली होती. मी मान हलवली, तिला चहा दिला, दारापर्यंत सोडलं. ती गेल्यावर मी गादीवर बसले आणि इतक्या वर्षांत रडले नव्हते एवढी रडले, आणि ते सगळं रडणं दुःखाचं नव्हतं. सहा वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती की अण्णांना कळलंच नाही. कापडाचा माणूस, हातांचं त्याला काय कळणार, तोच तर म्हणायचा. न कळणाऱ्याला माफ करता येतं. पण त्यांना कळत होतं. घरच्या बायकांच्या हातात काय हवं ते नीट कळत होतं, आणि पार्वतीच्या पोरीला काय दिलं तेही. माझ्या पुण्याच्या पिशव्यांचा राग होता का त्यांच्या मनात? असेल. मग तोही येऊन सांगायचा होता. मी ऐकलं असतं, मी भांडले असते, दोघांनीही एकमेकांना जे लावायचे ते बोल लावले असते आणि संध्याकाळी चहा प्यायलो असतो. त्याऐवजी माणूस ताटावरून उठत राहिला, आणि मी इकडे शटर वर ठेवून बसले.

सुमनताईच्या बांगड्या पाण्यात सोडायच्या असतात. सावित्री दोन मिनिटांवर आहे, पण मी नेल्या नाहीत. दोऱ्यात ओवून माझ्या मागच्या खुंटीला अडकवल्या आहेत. परवा कॉलेजातल्या दोन मुली आल्या, काही घ्यायचं नव्हतं, नुसत्याच बघत होत्या. त्यातल्या एकीनं खुंटीकडे बोट दाखवून विचारलं, त्या कितीला? मी सांगितलं, त्या विकायच्या नाहीत.

"मग लावल्यात कशाला?"

मी म्हटलं, "एका माणसाशी माझं भांडण व्हायचं राहिलंय."